चिमट्यावरचा शिक्का

प्रिय ताई,

रविवारी चहा अर्धा टाकून निघालो, तू रागावली असशील. भाऊजींचे पोस्टाचे कपडे पिशवीत कोंबताना तू म्हणालीस, "त्यांना सगळ्याचीच घाई. जायचीसुद्धा." मला तिथे बसवेना.

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. इलेक्ट्रिक सायकलचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा भाग, माझ्या टेबलावर येतो. त्याची दांडी फ्रेममधून वर जाऊन हँडलला मिळते. मोटार-बॅटरीच्या वजनामुळे तिच्यावर ताण फार. मी जोडावर लाल रंग फवारतो आणि पुसतो. भेग असेल तर लाल रेघ उरते. नसेल तरच शिक्का मारायचा. अकरा वर्षं हेच करतोय.

पोस्टाने नवी सायकल दिली त्या दिवशी भाऊजींचा फोन आला होता. "काय मेव्हणे, तुमच्याच कारखान्याची निघाली! आता चढावर गुडघे कुरकुरायचे नाहीत." मी "जपून चालवा" एवढंच म्हणालो. मनात शंका आली होती, पण म्हटलं, शेकडो गाड्यांत नेमकी त्यांचीच कशी असेल?

अपघातानंतर पोलीस चौकीच्या आवारात मी ती सायकल पाहिली. दांडी जोडापाशी तुटलेली. तुटलेली कड अर्धी चकचकीत, अर्धी गंजून काळी. चकचकीत भाग त्या दिवशीचा. काळा त्याच्या कितीतरी आधीचा. हवालदार म्हणाला, "उतारावर सुसाट असणार, भिंतीवर आदळून मोडली." मी मान डोलावली. त्या दिवशी भाऊजींच्या मागून चालत येणाऱ्या बाई मला नंतर भेटल्या. ते ब्रेक धरून हळूहळू उतरत होते, म्हणाल्या, हँडल एकदम हातातच आलं. तेही मी तुला सांगितलं नाही. सगळे वेगाला दोष देत राहिले, तू ते खरं मानलंस आणि मी मानू दिलं. सात महिने.

गेल्या वर्षी एका खेपेत नऊ चिमट्यांवर लाल रेघ उरली होती. सुपरवायझर म्हणाला, "केसाएवढी तर आहे, रंगाखाली झाकली जाईल. ट्रक खोळंबलाय." मी एकदा नाही म्हणालो. त्याने पुन्हा सांगितलं तेव्हा नाही म्हणालो नाही. नऊही चिमट्यांवर शिक्का मारला. भाऊजींच्या चिमट्यावर त्याच खेपेचा नंबर आहे.

काल हे सगळं चौकीत लिहून दिलं, सही केली. उरलेल्या आठ गाड्या शोधताहेत. माझी नोकरी आजच गेली. दोन-चार दिवसांत पोलीस तुझ्याकडे जबाब घ्यायला येतील. त्यांच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहितोय. भाऊजींवर चिडून तू अजून रडलीसुद्धा नाहीस, ताई. त्यांच्यासाठी एकदा मनसोक्त रडून घे. मला माफ करायची घाई मात्र करू नकोस.

तुझाच,
धाकटा