एका कप्प्याला दोन दारं

परळ, ९ मार्च १९५८

तीर्थरूप मामांचे सेवेशी, आपला जावई दत्ताराम याचा साष्टांग नमस्कार. इकडे सारं ठीक. आपला दमा कसा आहे? मामींच्या गुडघ्याला तेल चोळणं चालू असेलच.

खोली मिळाल्याशिवाय कौसल्येला मुंबईस धाडणार नाही, हा आपला शब्द मी विसरलेलो नाही. (लग्नाला दोन वर्षं झाली, विसरणार कसा?) गिरणीच्या चाळीत खोलीसाठी अर्ज केला होता. त्यावर कामगारखात्याचा आणि चाळखात्याचा असे दोन शिक्के लागतात. मधे एकच भिंत. कागद इकडून तिकडे नेण्यात शिपायाचा दिवस जातो म्हणून आमचे हेडक्लार्क शामराव यांनी भिंतीत कपाट बसवलं आणि त्याला दोन्हीकडून दारं ठेवली. कप्पा एक, धनी दोन. मी भीतभीत म्हटलं, अशानं कप्पा कुणाचा तेच कळणार नाही, असला अधिकार हेडक्लार्कलाही नसावा. शामराव म्हणाले, "अरे, सरकारनं अख्खी मुंबई मराठी-गुजराती दोघांत ठेवलीय, तू कपाटाचं काय घेऊन बसलास?" (ते संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला येतात, पण शेवटच्या रांगेत.)

झालं असं, की कामगारखातं शिक्का मारून अर्ज कप्प्यात ठेवी. चाळखातं आपलं दार उघडी, शिक्का मारी, परत तिथंच ठेवी. कामगारखात्याला वाटे, नवा अर्ज आला. शिक्क्यांखाली माझं नाव दिसेना. शेवटी चाळखात्यानं साफसफाईत 'आपल्याकडची' रद्दी काढली, तर कामगारखात्याचाही कप्पा रिकामा. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं आणि चहा मागवला. अर्ज रद्दीत गेला.

कौसल्येचंही तसंच झालंय, मामा. माझी आई म्हणते, ती माहेरी सुखात आहे. आपण म्हणता, आज ना उद्या सासरी जाईल. दोन्हीकडे तिचं पान मांडलेलं, आणि इथं खानावळीतून परतल्यावर जेवलात का म्हणून विचारणारं कुणी नाही. फार आठवण येते. आपल्याला लिहू नये, पण लिहितो.

आपला,
दत्ताराम

ता. क. शामरावांनी कपाट काढलेलं नाही. आता स्वतःच्या खोलीकडून तिसरं दार पाडायचं म्हणतात.

दुसरा ता. क. कौसल्ये, मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तेव्हा पत्र तूच मोठ्यानं वाचत असशील. एवढं मनात वाच. शीवच्या चंपामावशीनं खोलीत मधे पडदा लावून अर्धी आपल्याला देऊ केलीय. अर्धी म्हणजे शब्दाला पुरेशी नाही, मला पुरे आहे. पुढचं मात्र खणखणीत वाच.

तिसरा ता. क. मामा, पत्र पेटीत टाकता टाकता खोली मिळाली. कौसल्येला धाडावे.