पंगतीतली तुमची खुर्ची

प्रिय आत्याबाई,

आज माझ्या सुनेनं, पल्लवीनं, माळ्यावरून तुमचा वॉकर काढला आणि माझ्या खाटेपाशी आणून ठेवला. हो, माझ्याच! तुमचा डावा खुबा बदलला होता, तुमच्या या सुनेचा उजवा. ऑपरेशनला पंधरा दिवस झाले. डॉक्टर म्हणतात, सांधा छान बसलाय, आता अंगणात चाला, नाहीतर पाय आखडेल. आणि मी? दारापर्यंत जाते, बाहेर बायका दिसल्या की मागे फिरते. तुम्हाला जाऊन चार वर्षं झाली, पण हे सांगायला दुसरं कोण आहे मला?

वॉकरच्या स्क्रूच्या खाचेत अजून कुंकू आहे. आठवतं का?

वांग्याच्या वाफ्यात घसरून पडलात आणि नवा खुबा घेऊन दवाखान्यातून घरी आलात, तो दिवस. मी हौसेनं रांगोळी काढली, पाट मांडला, आरती तयार ठेवली. खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, असं डॉक्टरांनी दहादा बजावलेलं, आणि मी शहाणीनं पाट मांडला! शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही मात्र सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसलात. "काय वो सुनंदा, लगेच परत पाठवतं का मले दवाखान्यात? त्या वॉकरले ठेव पाटावर अन् त्यालेच ओवाळ. त्यानंच त मले घरी आणलं!"

आणि खरंच मला वॉकरला कुंकू लावायला लावलंत.

काय बाई होत्या तुम्ही! सत्तरी उलटलेली, तरी व्यायामाला पायाचे पंजे वर-खाली करायचे तर मोठ्यानं मोजत, एकही आकडा न गाळता. (मी दहाचे सहा करते आणि झाले म्हणून सांगते.) चालणंही तसंच: पहिल्या आठवड्यात अंगणातल्या निंबाच्या झाडापर्यंत, मग गोठ्यापर्यंत, मग मळ्याच्या वाटेला. तिसऱ्या महिन्यात तर दोन क्रेटवर फळी टाकून, खुर्चीत बसून मेथीच्या जुड्या बांधायला लागलात. आपण जन्मभर उकिडवं बसून जुड्या बांधणाऱ्या! शेजारच्या शेवंताकाकू आधी नाक मुरडून गेल्या, आणि आठच दिवसांत गुडघे धरत त्याच फळीशी आल्या. "ये वो, जागा हाये," एवढंच म्हणालात. दुसरी असती तर चार टोमणे मारले असते. मला तेव्हा तुमचा केवढा अभिमान वाटला होता! पण तोंडावर कधी बोलले नाही.

आता खरं सांगायचं ते सांगते. नांदुऱ्याचं, माझ्या भाचीचं लग्न.

तुम्ही स्वतःची प्लास्टिकची खुर्ची जीपच्या टपावर बांधून आणलीत. पंगत बसली तशी बायकांच्या ओळीत ती मांडून ऐटीत बसलात. सगळ्या खाली पाटावर, तुम्ही एकट्या वर. माझ्या माहेरचे बघत होते. मी तुम्हाला उठवलं आणि खुर्ची मंडपाच्या खांबाआड नेली. "इथं वारा लागतो," असं वर खोटंही बोलले. तुम्ही मांडीवर ताट घेऊन एकट्या जेवलात. जीप मोताळ्याच्या पुढे आल्यावर हळूच म्हणालात, "जेवण चांगलं होतं सुनंदा. पण एकटीनं खाल्लं का वरण अळणी लागते."

रागावला का नाहीत हो? रागावला असतात तर मी तिथंच पाय धरले असते. नंतर उद्या बोलू, परवा बोलू करत राहिले, आणि तुम्ही गेलात. चुकलं माझं, आत्याबाई.

आता लोणारला पल्लवीच्या भावाचं लग्न आहे. कालच मी तिला म्हटलं, मी नाही येत, पंगतीत खुर्ची बरी दिसत नाही. माझ्याच तोंडून हे निघालं! पोरीनं आज वॉकरसोबत तुमची ती खुर्चीही काढली, घासून धुतली आणि उन्हात ठेवली. "लग्नाले दीड महिना हाये, आई. तोवर गोठ्यापर्यंत त चालणं झालंच पायजे तुमचं." तुमच्याच तालमीत तयार झालीय ती.

तर ऐका. उद्या सकाळी बायका मेथी उपटायला निघतील ना, त्याच वेळी मी बाहेर पडेन. त्यांच्यादेखत, निंबापर्यंत. पंजेही पूर्ण दहा, मोठ्यानं मोजून. आणि लोणारला तुमची खुर्ची बायकांच्या ओळीत मधोमध मांडेन. कुणी खांबाकडे न्यायला आलं तरी उठणार नाही. पहिला घास वरणाचा घेईन, तुमच्या नावानं, सगळ्यांच्या पंगतीत.

तुमची,
सुनंदा