मालकाच्या भिंतीवरचा माणूस

माय, तुझ्या चित्रावरून मी रिसॉर्टच्या मालकाशी भांडले, ते तुला सांगायचं आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "काऊन लागतं त्याच्या नादी?"

बाबाला वाघानं मारलं ते मोहाच्या दिवसांत, फुलं वेचायला वाकला असताना. मी तेव्हा नववीत होते आणि तू जंगलाकडे जाणाऱ्या मोहर्लीच्या रस्त्यावरच्या त्या रिसॉर्टमध्ये झाडलोट करायचीस. बाबाला माती देऊन तू कामावर गेलीस, तर पाहुणे त्याच वाघाचे फोटो एकमेकांना दाखवत होते. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत गेरू, चुना आणि काजळी घेऊन रिसॉर्टच्या कुंपणाच्या भिंतीला बाहेरून भिडलीस. लग्नात आपल्या घराच्या भिंतीवर नवरा-नवरी काढायचीस तसंच, पण या वेळी एकटा बाबा. हातात टोपली, वाकलेला नाही, ताठ उभा, तोंड रस्त्याकडे. घरी काढायचं सोडून इथं का, असं मी विचारलं. "घरी कोण पाह्यते? इथून साऱ्या जिप्सी जातेत. वाघ पाहाले जातेत, याले बी पाहून जातीन."

मालक आला तेव्हा मी तुझ्या बाजूलाच होते.

"कोणाले विचारून काढलं?"

"कोणालेच नाई."

"भिंत कोणाची आहे?"

"तुमची."

"मग?"

"माणूस माझा आहे."

तो चुना फासणारच होता, पण एका पाहुणीला चित्र आवडलं आणि राहिलं. मग पावसाळ्याआधी तो चंद्रपूरहून पेंटर आणतो. पेंटर शिडी लावून बाबाच्या मागे झेप घेणारा वाघ काढतो, चकचकीत ऑइलपेंटचा, दात दाखवणारा. तू झाडू धरून खाली उभी आहेस. "आता कसं पूर्ण झालं," असं मालक तुला म्हणतो, आणि तू मान खाली घालून कचरा गोळा करायला लागतेस. पुढची कितीतरी वर्षं पाहुणे त्या वाघाच्या जबड्याशी डोकं नेऊन, किंचाळल्याचं नाटक करत फोटो काढत राहिले. त्यांनी टाकलेली रिकामी पाकिटं, बाटल्या तू उचलत राहिलीस. तापानं गेलीस त्या आठवड्यापर्यंत.

मी चंद्रपूरला दवाखान्यात नर्स आहे. यंदा एक पेशंट बाई कापडी पिशवी घेऊन आली. पिशवीवर बाबा, मागे वाघ, खाली रिसॉर्टचं नाव. मी वकिलाकडे गेले. ते म्हणाले, "भिंत मालकाची, त्यात वाद नाही. पण चित्र तुमच्या आईचं, आणि तिच्यानंतर तुमचं. त्याच्या नकला विकायच्या तर तुम्हाला विचारावं लागेल. आणि वाघ घुसवला ही सरळ मोडतोड आहे." त्यांनी पाठवलेल्या नोटिशीला मालकाचं उत्तर आलं, की त्या बाईनं परवानगी न घेता भिंत खराब केली, शिवाय ती आमची नोकर, नोकराचं काम मालकाचं. वकील म्हणाले, "झाडायला ठेवलेल्या बाईला चित्र काढायला ठेवलं होतं का, एवढंच विचारू."

मालकानं मला बोलावून घेतलं. म्हातारा झाला आहे. चहा पाजला.

"मी तुझ्या मायले पोलिसात दिलं नाई, कामावरून काढलं नाई. अन् तू मले नोटीस पाठवतं?"

"पिशवीवरचा माणूस माझा बाप आहे."

"मले मालूम आहे. म्हणूनच तं खपते. लोकं विचारतेत, याले खरंच वाघानं खाल्लं का. हो म्हटलं का घेतेत." मग त्यानं कप बाजूला ठेवला. "ठीक आहे, पिशव्या बंद. पण मग भिंत बी ठेवत नाई. भिंत तं माझीच आहे ना?"

भिंत पाडली त्या दिवशी मी गेले होते. जेसीबीनं आधी बाबाच्या बाजूची भिंत पाडली. छातीपासून वरचा भाग एकदम खाली आला, टोपली धरलेला हात थोडा वेळ तसाच राहिला. मग ड्रायव्हर जेवायला गेला, आणि नुसता वाघ उभा राहिला, ऑइलपेंट अजून शाबूत. तेवढ्यात एक जिप्सी थांबली आणि पोरींनी त्याच्यासोबत फोटो काढले.

पाडायला कोर्टाची स्थगिती मागून पाहू, असं वकील म्हणाले होते. मिळेलच असं नाही, पण आपली बाजू आहे म्हणाले. मी नको म्हटलं. का, ते त्यांना सांगितलं नाही. तू जिवंत असतीस तर तुलाही सांगितलं नसतं, आणि हे तू वाचणार नाहीस म्हणूनच लिहिते आहे. तू त्याला उभा केलास तो लोकांनी पाहावा म्हणून. लोकांनी पाहिला तो मरताना, रोज, हसत हसत. माय, मला तो एकदाचा मेलेला हवा होता.