हातावर बसलेली सिस्किन

एली, उत्तर मिनेसोटा
११ फेब्रुवारी

प्रिय लेम्पी,

तुझं पत्र मिळालं. गुडघा बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. इकडे थंडीने कहर केलाय. शनिवारी सॉनाची वाफेची खोली तापवते. एकटीसाठी एवढी लाकडं जाळणं जिवावर येतं, पण तापवते.

यंदा वर उत्तरेत झाडांना बी धरलं नाही म्हणतात, त्यामुळे पाखरांचे थवेच्या थवे इकडे उतरलेत. पाखरांसाठी अंगणात कारळे भरून टांगलेल्या नळ्यांवर दिवसभर नुसती भांडणं. लाल टोपीवाली ती रेडपोल. अंगभर रेघोट्या, पंखात पिवळी झाक, सुईसारखी चोच, ती सिस्किन. टोइवो म्हणायचा, "आधी चोच बघ, रंगावर जाऊ नकोस." तो गेल्यावरचा, विधवा म्हणून माझा हा दुसरा हिवाळा. तरी मी खिडकीशी उभी राहून मोठ्याने नावं घेते.

एक सिस्किन तर माझ्या हातावर बसायला लागली होती. पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून. बोटं बधिर होईपर्यंत मी तिच्याशी बोलायचे. तुझ्या चहाड्याही सांगितल्या, खोटं कशाला बोलू.

काल शेजारचा आर्वो बर्फ काढायला आला. तिला माझ्या हातावर बघून म्हणाला, "अगं हिल्या, ही माणसाळलेली नाही, आजारी आहे. उडायचं त्राण नाही म्हणून बसलीय."

"तुला काय कळतंय? तू रेडपोलला चिमणी म्हणतोस."

त्याने नळीखालचा बर्फ फावड्याने उकरला. चार मेलेल्या सिस्किन निघाल्या.

गर्दीत रोग पसरतो, हे मला ठाऊक होतं गं. टोइवो नळ्या उतरवून उकळत्या पाण्याने धुवायचा. मी यंदा धुतल्याच नाहीत. तेवढ्यात पाखरं निघून गेली तर, अशी धास्ती वाटायची.

हातावरची ती मी उबेला खोक्यात ठेवली होती, रात्री तिथेच मेली. आज सगळ्या नळ्या उतरवल्या. महिनाभर तरी लावायच्या नाहीत. घरात फ्रिजचा आवाज ऐकू येतोय.

पाखरांना दाणे कोण घालणार, असं म्हणून मी तुझ्याकडे दुलुथला यायचं टाळत आले. तू फोनवर चिडलीस, मीही ताडताड बोलले. पाखरांना अख्खं जंगल आहे, लेम्पी. मलाच कोणी नव्हतं.

पुढच्या गुरुवारी आर्वो ट्रक घेऊन तिकडे येणार आहे. तू ये म्हणालीस तर मी त्याच्याबरोबर येते. रागात असलीस तर फोनवर रागाव, पण फोन कर.

तुझ्या आवाजाची वाट बघणारी,
हिल्या