वसुधाची गाडी आणि दौलताबादचा घाट

सोमवार, ४ मे

वसुधा श्रीधर पिंपळगावकर,

तुझी गाडी आज सकाळी फाटकातून मागे घेताना अडली. गिअरचा दांडा मागच्या गतीवर आणला, इंजिनाचा आवाज चढला, पण गाडी जागची हलली नाही. मग एकदम हिसका देऊन सुटली. खांब थोडक्यात वाचला.

दोन लाख किलोमीटर ओलांडलेल्या ऑटोमॅटिक गाडीचे असेच व्हायचे, असे कोणीही म्हणेल. मला तसे म्हणून चालणार नाही. जाण्याआधी रुग्णालयात तू माझ्यासमक्ष तुझ्या हाताखाली शिकलेल्या नसरीनला शब्द दिला आहेस. “जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा ही गाडी तुझी.” मी त्या वेळी एवढेच म्हणालो होतो, की गिअरबॉक्स धड करून मगच देऊ. तू माझ्याकडे पाहून हसलीस आणि कूस बदललीस.

तेव्हा आता ते काम हाती घेतले पाहिजे.

गुरुवार, ७ मे

जालना रस्त्यावर गोरखच्या गॅरेजात गेलो. तुझी गाडी तोच पाहत असे. मेंढपाळाचा मुलगा, बोलण्यात अघळपघळ. त्याने इंजिन चालू ठेवूनच गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी बाहेर काढली, पांढऱ्या फडक्यावर पुसली आणि फडके माझ्या नाकाशी धरले. तेल काळपट. करपल्यासारखा वास.

“सगळं तेल बदलून टाक,” मी म्हणालो. “यंत्र लावून आतून धुऊन घे.”

“नाय साहेब. एवढ्या चाललेल्या गाडीला एकदम नवं तेल सोसत नाय. आतली घाण सुटती अन् नको तिथं जाऊन बसती. कधी कधी धुतल्यावरच गाडी उभी राहती.”

“आणि नाही बदलले तर?”

“तरी उभी राहती.” स्वतःच्याच विनोदावर मोठ्याने हसला. मग म्हणाला, “थोडं थोडं बदलू. खालून सोडलं की अर्ध्याहून कमीच निघतं. तेवढंच नवं घालायचं, काही दिवस फिरवायची, मग परत. म्हातारी मेंढी चढाला थांबली तर काठी नाय मारत. पाणी पाजून हळूच उठवायची.”

खात्री देशील का, असे विचारले. नाही म्हणाला. हे त्याच्या बाजूने लिहून ठेवतो.

रविवार, १० मे

सायंकाळी नसरीन येऊन गेली. छावणी भागातून रिक्षाने आली. तिच्या अम्मीने शीरखुर्मा पाठवला होता. डब्यावर तुझ्याच हाताची, आपल्या घराच्या नावाची पट्टी. आपले डबे त्यांच्याकडे आणि त्यांचे आपल्याकडे किती आहेत, कोण जाणे.

वेरूळच्या शाळेत या वर्षी तिला सहावीचा वर्ग. खुर्चीवर बसताना तिने डाव्या पायाला आधार देणारा कॅलिपर खटकन सोडला. तूही तसाच सोडत होतीस. तो आवाज या घरात बऱ्याच दिवसांनी झाला. मी पाणी आणायला आत गेलो आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ आत थांबलो.

“काका, गाडीचं काय म्हणतोय गोरख?”

“काम चालू आहे.”

“हौ, पण जूनपर्यंत होईल ना? एसटीत उभं राहिलं की घाटात प्रत्येक वळणावर कोणाच्या तरी अंगावर जाते मी. मागच्या वर्षी एका आजोबांचा चष्मा फोडला.”

होईल, असे सांगितले.

बुधवार, १३ मे

तेल पहिल्यांदा बदलले, गोरखच्या पद्धतीने. गाडीच्या पुस्तिकेत जे तेल सांगितले आहे तेच घेतले. दुकानदार म्हणत होता, “सब एकच रहता साब, लाल रंग देखो बस.” रंग पाहून वस्तू घ्यायची असती, तर वजनमापे निरीक्षकाची नोकरी सरकारने मला कशाला दिली असती?

घरी येताना सिग्नलवर डाव्या पायाने सवयीने क्लच शोधला आणि ब्रेकवर जोरात पाय पडला. मागच्या रिक्षावाल्याने माझ्या खानदानाची चौकशी केली. तू शेजारी असतीस तर म्हणाली असतीस, अहो, तो पाय घरी ठेवून येत जा.

रविवार, १७ मे

आजपासून अधिक महिना. नसरीनला फोन करून सांगितले, की आमच्यात अधिकात वाहनाचा व्यवहार करीत नाहीत; महिना जाऊ द्यावा.

ती हसली. “काका, महिना संपतो तेव्हा शाळा उघडते. आमच्यात अधिक नसतो, चालेल ना?”

मी म्हणालो, “पाहू.”

फोन ठेवल्यावर आठवले. अधिकात तू जावयांना वाण देत होतीस. अनारसे, दिवा, वस्त्र. मुलगी नाही म्हणून भावाच्या जावयाला देत होतीस, आणि मी त्यावर थट्टा करीत असे. अधिकात घ्यायचे नसते, द्यायचे असते. हे मला ठाऊक नव्हते असे नाही.

शनिवार, २३ मे

आज गाडीची परीक्षा घ्यावी म्हणून एकटाच घाटापर्यंत गेलो. जाताना ठीक. दौलताबादच्या किल्ल्यामागे चढ लागला आणि निम्म्या चढावर गाडीने हात टेकले. पाय दाबावा तर आवाज वाढे, वेग नाही. एक टेम्पो मागून भोंगा वाजवीत होता. कशीबशी वर पोहोचलो आणि खुलताबादच्या अलीकडून परत फिरलो.

उतारावर दांडा न्यूट्रलवर टाकला. इतकी वर्षे माझ्या क्लचच्या गाडीत हेच केले. उतारावर पेट्रोल जाळू नये हा माझा नियम. खाली सपाटी आली तेव्हा चालत्या गाडीत तो पुन्हा ‘डी’वर घेतला. आतून असा आवाज आला की काळीज हलले.

तसाच गोरखकडे गेलो. ऐकून तो कपाळाला हात लावून बसला.

“उताराला न्यूट्रल? साहेब, ह्या गाडीला पळता पळता गिअर देत्यात व्हय? अन् उताराला गिअरमध्येच ठेवा. ती आपली आपण धरती.”

“पेट्रोल वाचते.”

“वाचतं ना. लई वाचतं. मग त्यातून गिअरबॉक्स घ्या.”

 चूक झाली, एवढे येथे नोंदवतो. त्यावर निबंध लिहिण्याचे कारण नाही.

मंगळवार, २६ मे

तेल दुसऱ्यांदा बदलले. निघालेले तेल या वेळी लालसर तपकिरी, वास कमी. तेल थंड करणाऱ्या जाळीत माती आणि किडे दाटले होते, ते गोरखने हलक्या हवेने साफ केले. मे महिन्यातले ऊन, जुनी गाडी, घाट. गरमी हाच तिचा मुख्य शत्रू म्हणतो. डिकीतही उगाच ओझे ठेवू नये. तुझी घडीची खुर्ची, सतरंजी आणि पाण्याची कॅन काढून घरात आणली. सतरंजीच्या घडीतून वेरूळचे वाळके गवत पडले. झाडून…

पुढे लिहावेसे वाटत नाही.

शनिवार, ३० मे

घाटात चालवून दाखव, मग ठरवू, असे मी म्हटले होते; आज नसरीनने गाडी चालवली. मी शेजारी.

तिने दांडा मागच्या गतीवर घेतला आणि थांबली. गाडीने आतून हलकीच ओढ घेतली, मग तिने ब्रेक सोडला. फाटकाबाहेर पूर्ण थांबून मगच ‘डी’. नगरनाक्याला लाल दिवा लागलेला दुरूनच पाहून पाय काढून घेतला. घाटाच्या पायथ्याशी, चढ लागण्यापूर्वीच, तिने दांडा ‘दोन’वर आणला. गाडी संथपणे, म्हशीच्या चालीने चढली. एसी बंद, काचा खाली.

“हे कुठे शिकलीस?”

“ह्याच सीटवर. मॅडम तिथं बसायच्या, तुम्ही बसलात तिथं. म्हणायच्या, आधी गाडी काय म्हणते ते ऐक, मग पाय दे.” थोड्या वेळाने म्हणाली, “काका, मध्ये तुम्ही चालवली ना? हिला हिसके बसलेत.”

“थोडी चालवली.”

“समजतं.”

वेरूळला शाळेच्या फाटकापाशी तिने गाडी सावलीत लावली. इंजिन बंद केले, पण उतरली नाही. दोन्ही हात चाकावर तसेच.

“एक बोलू? राग मानू नका. आधी गिअरबॉक्स. मग अधिक महिना. आता घाट. द्यायची नसेल तर नका देऊ, काका. तुमची आहे. मॅडमची आठवण आहे, मला कळतं. पण मग ‘नाही’ म्हणा. मी बस पकडते, तिची सवय आहे मला. हे ‘पाहू’ नका म्हणू. घरी अम्मी रोज विचारते अन् मी रोज तिला तुमचं ‘पाहू’ सांगते.”

 शाळेच्या हापशावर एक बाई हंडा भरीत होती. तो भरेपर्यंत आम्ही दोघेही तिकडेच पाहत राहिलो. मग मी म्हणालो, “ऊन वाढेल. निघू या.”

परतताना तीच चालवत होती. उतारावर दांडा ‘दोन’वरच.

मंगळवार, २ जून

तीन दिवस गाडी जागेवरच सुरू करून ठेवली, दहा-पंधरा मिनिटे, अंगणात. एकेका गतीवर दांडा फिरवला. गोरखला फोनवर हे अभिमानाने सांगितले.

“काय उपयोग नाय साहेब. उभ्या उभ्या नुसती तापती. रबरं सुकायची ती सुकत्यातच. गाडी चालली पाहिजे.”

“चालली तर किती टिकेल?”

“पावसाळा काढंल. दोन-तीन वर्षंबी काढंल. नायतर पुढल्या आठवड्यात बसंल. मला काय ठावं?”

जेवण केले नाही. भूक नव्हती.

शुक्रवार, ५ जून

विचार केला तो लिहून काढतो.

नोकरीत मी काटे आणि मापे पडताळली. दुकानदार विचारीत, “साहेब, आता काटा कायमचा बरोबर ना?” मी सांगत असे: कायमचा नाही, पुढच्या पडताळणीपर्यंत. शिक्क्याचा अर्थ तेवढाच. पडताळणीतही थोडी चूक मान्य असते. ती किती, हे नियमात ठरलेले असते. बिनचूक काटाच हवा म्हटले, तर बाजार बंद ठेवावा लागेल.

वसुधा, तुझ्या गाडीला मात्र मी कायमचा शिक्का मागत होतो. तो गोरख देत नाही, आणि खरे सांगायचे तर त्याने दिला असता तरी मी दुसरे काही काढले असते. गाडी फाटकात उभी असते तेव्हा तू घरात असल्यासारखे वाटते. बाकी काही नाही.

संध्याकाळी नसरीनला फोन केला. “पंधरा तारखेला सकाळी ये,” म्हणालो.  ती म्हणाली, “अधिक संपला नसेल तोवर.”

“ठाऊक आहे. म्हणूनच.”

शुक्रवार, १२ जून

तेल तिसऱ्यांदा बदलले. निघालेले तेल जवळपास लाल. मागच्या गतीवर अजूनही किंचित उशीर लागतो. गोरख म्हणाला, “आता हात जोडा.” तुझी पाठीची उशी चालकाच्या जागेवरून काढली. धुऊन, वाळवून पुन्हा तिथेच ठेवली. नसरीनलाही लागते ती.

एक अडचण आहे. छावणीत तिच्या गल्लीत गाडी शिरत नाही. रात्री गाडी आपल्याच अंगणात राहील. ती सकाळी येऊन नेईल. हे मी सुचवलेले नाही. तिनेच सांगितले, जरा संकोचून. मी लगेच हो म्हणालो, बहुधा फार लवकर.

सोमवार, १५ जून

स. सात वाजण्यापूर्वी आली. नवी ओढणी. अनारसे विकतचे आणले होते, ते दिले. दिवा द्यावा की नाही या विचारात राहून गेला. “जावई समजलात का मला?” म्हणाली आणि एक तिथेच खाल्ला. शेजारी बसून जावे असे मनात होते. गेलो नाही. तिनेही बोलावले नाही, आणि ते योग्यच केले.

दिवसभर वर्तमानपत्र वाचले.

सायं. परत आली. घामेजलेली, गाडीवर धूळ.

“काका, सकाळी घाटात एकदा गिअरमध्ये घसरली. शेवटच्या वळणाला. बाजूला घेतली, थोडा वेळ थांबले, परत ‘दोन’वर टाकली. चढली मग. येताना काहीच नाही.”

“वास?”

“नाही.”

मी पट्टी काढून पाहिली. तेल पातळीत, रंग लाल. घसरली कशामुळे, ते सांगता येत नाही. उद्या आकाश भरून आले तर घाट ओला असेल.

किल्ल्या तिने माझ्यापुढे धरल्या. “सांगितलं ते बरं नाही केलं का? ठेवून घेता का ह्या? गोरखला दाखवेपर्यंत?”

घेतल्या. गाडीभोवती एक फेरी मारली. चालकाच्या बाजूची काच अर्धवट उघडी होती, ती वर केली. नसरीन फाटकाशी रिक्षा थांबवीत होती.

गाडीचे दार लावून कुलूप केले. किल्ल्या तिला परत दिल्या.