जपान, वाया मळवली

२४ सप्टेंबर १९३४, लोणावळे

नवी वही. ही जपानपर्यंत जाणार आणि परत येणार. कोणालाही दाखवायची नाही.

सासरे शेवटी तयार झाले. दोन वर्षं सांगतोय, आपल्या कटलरीच्या दुकानात जे जे खपतं ते सगळं जपानी. कंगवे जपानी, बाहुल्या जपानी, कप जपानी. मग मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या नाकदुऱ्या कशाला काढायच्या? मी स्वतः कोबेला जातो, कारखान्यातून माल निवडतो, निवांत चार ठिकाणं बघतो, ईदेच्या आत परत. सासरे म्हणाले, "इनायतमियाँ, आधी दुकानाची मोडी वाचायला शिका." मोडी! जग विमानातून चाललंय आणि आमचे राजमहंमदभाई अजून मोडीत. ती गिचमीड मला कधी लागली नाही. जपानात कोण विचारणार आहे?

ठरलं ते असं: मी माल घेऊन आलो की पाटी बदलायची. 'राजमहंमद आणि जावई'. दोन वर्षं घरजावई म्हणून सुतळी गुंडाळतोय. आता नाव पाटीवर.

रशिदाला विचारलं, तुला काय आणू? म्हणाली, "दुकानातलं नको. ते इथं ढीगभर आहे. तिकडचं काहीतरी आणा, जे विकत मिळत नाही." बायकांचं काही कळत नाही.

३० सप्टेंबर

स्टेशनवर हार. अख्खा बाजार आला होता. शेजारचा किराणावाला रखमाजी म्हणाला, "जपानला जाताय, जपून जा." स्वतःच्याच विनोदावर मालगाडी जाईपर्यंत हसला. पैज लावतो म्हणाला, हा कल्याणच्या पुढं जात नाही. रशिदा टांग्याच्या पडद्याआडून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "हे म्हणालेत ना जाणार, मग जाणार."

हे वाक्य लिहून ठेवतो. आयुष्यभर पुरेल.

२ ऑक्टोबर, मुंबई, गोदी

पेटी हमालानं वर चढवली. स्टीमर उत्तम. शिडी मात्र नीट बांधलेली नव्हती. शिडी आणि धक्का यांच्या मधून खाली पाणी दिसत होतं. पाण्याचा रंगही बरोबर नव्हता. अनुभवी माणूस अशा वेळी घाई करत नाही. म्हणून पुढच्या लोकांना आधी जाऊ दिलं. मग त्यांच्या मागच्यांना. मग शिडी काढून घेतली.

पेटी गेली. म्हणजे माझा कोट, दोन पायजमे आणि टोपी जपानला निघाली आहेत. ट्रिप सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही.

३ ऑक्टोबर, मळवली

आता घरी जाणं शक्य नाही. लोणावळे स्टेशनात गाडी थांबली होती तेवढा वेळ संडासात उभा राहिलो. पुढच्या मळवलीला उतरलो.

नवा प्लॅन. ईदेपर्यंत कुठंतरी राहायचं. मधल्या काळात जपानी माल मिळवायचा. मग परत. माल जपानी असला म्हणजे झालं, तो कोणी कुठून आणला हे मालावर लिहिलेलं नसतं.

४ ऑक्टोबर, लोहगडवाडी

गडाखालची ही वाडी मला योग्य वाटली. इथं कोणी येत नाही. बजरंग आणि धोंडाबाई या नवरा-बायकोंनी गोठ्याशेजारची खोली दिली. हवापालटासाठी आलोय असं सांगितलं. बजरंग बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "तुमी राजमहंमदभाईंचं जावई न्हवं?" मी गडबडलो नाही. म्हटलं, नाही, मी त्यांच्यासारखा दिसतो. म्हणाला, "व्हय व्हय. लय सारकं दिसता."

भोळी माणसं. धोका टळला.

१५ ऑक्टोबर

घरून निघताना जपानी बोटकंपनीचं चित्रांचं कॅलेंडर खिशात होतं, तेवढं वाचलं. त्यावरून अभ्यास चालू. जपानी लोक चपला दाराबाहेर काढतात. जमिनीवर बसतात. भात खातात. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं असतात. खोलीच्या दारातून बाहेर पाहिलं. सगळं जुळतंय. समोरचा विसापूर सकाळच्या धुक्यात हुबेहूब फुजियामा, फक्त वरून सपाट.

म्हणजे मला खोटं असं फार बोलावंच लागणार नाही.

२८ ऑक्टोबर

आज साइटसीइंग. गडावर जाऊन आलो. चढ भयंकर. गुडघे गेले. वर विंचूकाट्याच्या निमुळत्या सोंडेवर उभं राहिलं की खाली मळवलीची गाडी दिसते. धूर लोणावळ्याकडे जात होता. तो दिसेनासा होईपर्यंत बसलो. निसर्ग म्हणून बसलो, दुसरं काही नाही.

उतरताना एक दगड सापडला. बाहेरून काळा, आत पांढरा लखलखीत खडा, काचेसारखा. असला दगड मी लोणावळ्यात कधी पाहिला नाही. रशिदाची वस्तू मिळाली! विकत मिळत नाही आणि दिसतोही परदेशी. रुमालात बांधून ठेवला.

६ नोव्हेंबर

समजलं की बजरंग दर आठवड्याला धोंडाबाईचं तूप घेऊन लोणावळ्याला जातो. कोणाकडे देतो म्हणून सहज विचारलं. म्हणाला, "हाय एक कटलरीचं दुकान." माझ्याबद्दल काही बोललास का म्हणून विचारलं. म्हणाला, "तुमी त्यांचं जावईच न्हाई, मग तुमच्याबद्दल काय बोलू?"

बिनतोड. निश्चिंत झालो. सबंध दिवस जेवण गेलं नाही, ते वेगळ्या कारणानं.

१९ नोव्हेंबर

थंडी. दात वाजतात. माझी शाल पेटीत, पेटी जपानात. बजरंगनं बाजारातून गोधडी आणून दिली. म्हणाला, "मिळाली." हिरवी किनार, मधे लाल ठिगळ. आमच्या घरीही अगदी अशीच आहे. ठिगळाखाली रशिदानं घाईत घातलेले वाकडे टाके आहेत, तेसुद्धा तसेच. बायका सगळीकडे एकाच पद्धतीनं शिवतात असं दिसतं.

वासही ओळखीचा आहे. झोप चांगली लागली.

१० डिसेंबर

रोजे सुरू. धोंडाबाई मला पहाटे उठवते, स्वतः चूल पेटवून भाकरी देते. तिला रोज्याची वेळ कशी कळते म्हणून विचारलं तर म्हणाली, "सांगितलंय एकीनं." ही एक कोण, ते काही सांगितलं नाही. आज बजरंगनं खजूर आणले. वाडीत खजूर! माझ्यावर या माणसाचा फार जीव आहे. पाटी लागली की त्याला बाहुली देईन.

१७ डिसेंबर

ताप होता. तीन दिवस वही उघडली नाही. कानात सारखं ते पाणी, शिडीखालचं. आज इथं कोणी नाही म्हणून लिहितो. शिडी नीट बांधलेली होती. पाण्याचा रंगही पाण्यासारखाच होता. मी घाबरलो. पाय उचलला आणि खाली ठेवला, उचलला आणि खाली ठेवला. मागची म्हातारी म्हणाली, बाबा, सरक. सरकलो. रशिदाला हे कळलं तर मी तिच्यासमोर कुठल्या तोंडानं उभा राहू? बाजार हसला तर हसू दे. ती एकटी हसली नव्हती.

(हे सगळं उद्या खोडायचं.)

१८ डिसेंबर

खोडायला वेळ झाला नाही. तब्येत सुधारली. आता खरेदी.

२० डिसेंबर

मफलर गुंडाळून तळेगावच्या बाजारात गेलो. जॅकपॉट! एका दुकानात सगळं जपानी. डोळे मिटणारी बाहुली. चावीची मोटार. कागदी पंखे. आणि देवदारी खोक्यात सहा कप, इतके पातळ की उजेडात धरले तर तळाशी जपानी बाईचा चेहरा दिसतो. दुकानदार म्हणाला, अस्सल माल, लोणावळ्याहून येतो. अडाणी. मुंबईची गाडी लोणावळ्यावरूनच येणार, दुसरीकडून कशी येईल?

आणि खरा शोध पुढंच. कपांचं खोकं फळीवर उभं ठेवलं होतं. त्याच्या बाजूवर जाड निळ्या शाईत जपानी अक्षरं! वरून खाली लिहिलेली, शेजारी एक लांब उभी रेघ, सगळी अक्षरं एकमेकांत गुंतलेली. क्षणभर मोडीसारखी वाटली. पण मोडी आडवी असते, ही उभी. कॅलेंडरवरही उभीच आहेत. शंकेला जागा नाही.

बहुधा कारखानदाराचा आशीर्वाद असावा. कोबेच्या मालाच्या पैशांतून सगळं घेतलं, खोक्यासकट.

२३ डिसेंबर

आयडिया सुचली आणि झोप उडाली. माल कोणीही आणेल. पण जपानी भाषा? ती तिथं राहिल्याशिवाय येत नाही. खोक्यावरची अक्षरं मोठ्या कागदावर उतरवायची आणि परत गेलो की दुकानाच्या दारावर लावायची. रखमाजीचं तोंड कायमचं बंद.

२ जानेवारी १९३५

रोज प्रॅक्टिस. काळी शाई, बोरू, तळेगावहून आणलेला पांढरा कागद. जपानी अवघड आहे, पण माझा हात वळायला लागला. आज बजरंग डोकावला. मान वाकडी करून पुष्कळ वेळ बघत होता. म्हणाला, "आमच्या पाटलाच्या दप्तरात असलंच काय काय आसतं." त्याला म्हटलं, ही जपानी. म्हणाला, "आसंल. आमाला कुटं वाचता येतं?"

अज्ञानी माणसाशी वाद घालू नये.

५ जानेवारी

उद्या निघायचं. धोंडाबाईनं नारळ दिला. तिचे डोळे भरले होते. माझेही, पण चुलीचा धूर होता. गडबडीत सामान बांधलं. काहीतरी राहतंय असं वाटतंय.

६ जानेवारी, लोणावळे, संध्याकाळी

लिहायला हात उचलत नाही. पण लिहितो.

सुरुवात अप्रतिम झाली. आधी एक गाडी धरून मागं कर्जतला गेलो आणि तिथून मुंबईच्या बाजूनं लोणावळ्यात उतरलो. असा तपशील कोणी सांभाळत नाही. सामान विचारलं तर सांगितलं, पेटी अजून जपानात आहे. संपूर्ण खरं. सासऱ्यांनी मिठी मारली. माल पाहून म्हणाले, "छान. ओळखीचा वाटतो." मी म्हटलं, जपानी माल सगळीकडे सारखाच.

मग सगळ्यांसमोर कागद उलगडला आणि दुकानाच्या दारावर उभा लावला. म्हटलं, हा कोबेच्या कारखानदारांनी आपल्या दुकानाला दिलेला आशीर्वाद, मी त्यांच्याच भाषेत लिहून घेतला.

पहिल्यांदा रखमाजीनं मान उजवीकडे वाकडी केली. मग तलाठ्यानं केली. मग जुनी मोडी येणारे सगळे म्हातारे एकेक करून मान वाकडी करून उभे. मला वाटलं, आदर. मीही थोडी वाकडी केली. मग रखमाजी दुकानाच्या पायरीवर बसला आणि त्याला श्वास घेता येईना.

सासरे बाहेर आले. त्यांनीही मान वाकडी केली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. कागद दारावरून काढला, आडवा धरला आणि खणखणीत आवाजात जपानी वाचली.

"माल पाहून घ्यावा. फुटका परत घेतला जाणार नाही. राजमहंमद, लोणावळे."

मग म्हणाले, "इनायतमियाँ, मला जपानी येतं हे मलाच माहीत नव्हतं." तळेगावच्या दुकानाला माल तेच पाठवतात. खोक्यावर स्वतः लिहितात.

बाजारात जो हशा उठला तो स्टेशनापर्यंत गेला असेल. मी डोळे मिटणारी बाहुली हातात धरून उभा होतो. तिचे मिटले होते, माझे मिटत नव्हते. सासऱ्यांनी कागद पुन्हा पाहिला आणि शेवटचं एकदा, हळू म्हणाले, "परत घेतला जाणार नाही." या वेळी कोणी हसलं नाही. मला वाटलं संपलं. खरंच वाटलं, जमीन दुभंगली तर बरं.

तेवढ्यात आतून रशिदाचा आवाज आला. "अब्बा, त्यांना आधी आत तर घ्या. रोजा आहे. गुडघेही दुखत असतील, लोहगडचा चढ आहे."

लोहगड. ती लोहगड म्हणाली.

७ जानेवारी, ईद

सासऱ्यांनी शिरखुर्मा स्वतः वाढला. उद्यापासून सकाळी मोडी शिकवणार आहेत. तो कागद गल्ल्याच्या वर आडवा चिकटवला आहे. गिऱ्हाइकांना उपयोगी आहे म्हणतात. 'राजमहंमद आणि जावई' अशी पाटी काही लागली नाही. पण माझ्या हातचं अक्षर दुकानात लागलं, हे कोणी नाकारू शकत नाही.

दुपारी रशिदाला रुमाल सोडून दगड दिला. म्हटलं, हा विकत मिळत नाही. तिनं हातात घेतला, उजेडात फिरवला आणि आतल्या खोलीतल्या फळीवर ठेवला. तिथं तसलेच दगड ओळीनं मांडलेले होते. काळे, आतून लखलखणारे. म्हणाली, पहिल्या खेपेला अब्बा दुकानात नव्हते, तेव्हाच बजरंगभाऊंनी सगळं सांगितलं. पुढं अब्बांसमोर काही बोलता यायचं नाही, म्हणून ते दर खेपेला तुपाबरोबर एक दगड ठेवायचे. दगड आला म्हणजे तुम्ही बरे. डिसेंबरात एका खेपेला आला नाही.

मला ताप आला होता तो आठवडा.

मी म्हटलं, तू अब्बांना का नाही सांगितलंस? म्हणाली, "तुम्ही जाणार म्हणून भर स्टेशनात मीच बोलले होते."

मग माझी पिशवी उलटी करून झटकली आणि विचारलं, "गोधडी कुठं आहे?"

राहिली. उद्या मोडी झाली की लोहगडवाडीला जायचं. चढ आहे. पण मधे पाणी नाही.