धाकट्यावर ठेवलेला दगड

मागदिवांग, सिबुयान बेट
मंगळवार, ६ मे

प्रिय मानांग सोकोरो,

तुमचं पत्र शनिवारच्या बोटीने पोचलं. पाकीट खारं पाणी लागून एका कडेने फुगलं होतं, आतलं अक्षर मात्र जसंच्या तसं. शाळेतल्या बाईंचं अक्षर समुद्रालाही पुसता येत नाही, असं लिगाया म्हणाली. लेक सुट्टीला घरी आली आहे. नर्सिंगचं अजून एक वर्ष राहिलंय, पण आल्यापासून दिसेल त्याचा रक्तदाब मोजत सुटली आहे. माझा ठीक आहे. सासूबाईही बऱ्या आहेत. त्यांना ऐकू कमी येतं, आणि ते त्यांना सोयीचंच झालंय.

मानांग म्हणते, म्हणजे थोरली बहीणच, म्हणून हक्काने विचारते: तुमचा गुडघा कसा आहे? खोबरेल तेलात आलं तळून दिलं होतं, ती बाटली संपली असेल तर कळवा.

जत्रा जवळ आली. चौकात बांबू येऊन पडलेत. आमचं मोठं डुक्कर जत्रेसाठी ठरलंय, म्हणून लिगाया त्याच्या नजरेला नजर देत नाही. पाऊस अजून नाही. डोंगर रोज सकाळी तासभर स्वच्छ दिसतो आणि मग ढगात तोंड खुपसतो.

फोटो मिळाला. दोन्ही हात वर करून तुम्ही उभ्या आहात आणि मागे नुसतं पांढरं. सासूबाईंनी दोनदा विचारलं, "कपाटाच्या काचेत का लावत नाहीस?" मी म्हटलं, खिळा नाही. त्या म्हणाल्या, "काचेला खिळा?" ऐकू येत नाही म्हणतात आणि नको ते बरोबर ऐकतात.

तुम्ही लिहिलंय की ३१ तारखेला इलोइलोला तुमच्या गिर्यारोहण मंडळाचा कार्यक्रम आहे. त्रेसष्टाव्या वर्षी आमच्या गितिंग-गितिंग डोंगराचा माथा गाठला म्हणून तुम्हाला मानपत्र देणार आहेत. मी यावं, मंचावर तुमच्या शेजारी बसावं आणि दोन शब्द बोलावेत. 'पानिंग, तू नसतीस तर मी अजून नदीतच दगड टाकत बसले असते,' असं लिहिलंय तुम्ही.

येते, असं कळवायला बसले होते. त्याला तीन दिवस झाले.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते आठवतंय? नऊ वर्षं झाली. माझा नवरा तिबोय स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "पानिंग, एक मास्तरीणबाई आल्यात. डोंगर कमी चढतात, माझं बोलणं जास्त सुधारतात." त्याने तुम्हाला नदीतून गोटा उचलायला लावला. हाताच्या मुठीत मावेल एवढाच, माथ्यावर पोचलात तर तिथे ठेवायचा, मागे फिरलात तर नदीला परत करायचा. त्या वर्षी पावसाने फिरवलं. पुढच्या वर्षी नदी चढली. तिसऱ्या वर्षी गुडघा. दर वेळी तुम्ही दगड घेऊन परत, आणि घाटावर धुणं धुणाऱ्या बायका ओरडायच्या, "काय बाई, परत आणलात? अहो, तुमच्या दगडांनीच नदीला पूर येतो!" तुम्ही हसायचात, पण दगड टाकताना हात लांब करून, पाण्याला अगदी टेकवून सोडायचात. कोणी झोपलेलं मूल खाली ठेवावं तसा.

एका रात्री तळावर मी विचारलं होतं, मानांग, कशासाठी एवढं? तुम्ही म्हणालात, "जिथे जिथे जावंसं वाटलं, तिथे मी आयुष्यभर दुसऱ्यालाच पाठवलं, पानिंग. भावाला, बहिणींना, शाळेतल्या पोरांना. नकाशावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, जा. इथे मात्र मी स्वतः येणार."

ते वाक्य मला झोपू देत नाही.

फोनवर हे बोलता आलं असतं. टेकडीवरच्या शाळेपाशी रेंज येते. पण तिथे अर्धं गाव रांगेत उभं असतं, आणि मुख्य म्हणजे तुमचा आवाज ऐकला की मी परत खोटं बोलेन.

मानांग, एप्रिलमध्ये आपण उभ्या होतो तो माथा नव्हता. तो धाकटा.

आमच्याकडे वर दोन सुळके आहेत, धाकटा आणि थोरला. मध्ये एक खाच आहे, तिला आम्ही दार म्हणतो. दोन्हीकडे खोल दरी, पायाखाली हातभर रुंद खडक, तीस-पस्तीस पावलं. दार ओलांडलं की थोरला. धुक्यात धाकट्यावरून थोरला दिसत नाही. पुढे काही आहे असंच वाटत नाही.

त्या दिवशी मी सकाळपासून तुम्हाला म्हणत होते, "आलंच मानांग, आलंच आता." आम्ही सगळेच म्हणतो. दमलेल्या माणसाला लांब आहे सांगणं हे आमच्यात वाईट समजतात, तोंडावर दार लावल्यासारखं. सहा तास मी 'आलंच' म्हणत होते. धाकट्यावर पोचल्यावर तुम्ही काठीला दोन्ही हातांनी धरून विचारलंत, "हेच का गं?"

मी म्हटलं, "हेच."

तुम्ही रडलात. मला मिठी मारलीत. मग खिशातून दगड काढलात. तिथे आधीच दगडांचा लहानसा ढीग आहे, तो तुम्हाला दिसला आणि तुमची खात्रीच पटली. ते दगड कोणी ठेवले, कोणाच्या सांगण्यावरून, हे आम्ही वाटाडे एकमेकांना विचारत नाही.

गुडघा सुजला होता, धुकं होतं, उतरायला उशीर झाला असता. हे सगळं खरं आहे, आणि हे कारण नाही.

लिगाया हाक मारते आहे. जेवायचं आहे. पुढचं मला आज लिहवणार नाही.

रविवार, ११ मे

मानांग,

वरची पानं पाच दिवस तांदळाच्या डब्यात होती. फाडली नाहीत, एवढं माझ्या बाजूने धरा.

कारण सांगते. तिबोय चार वर्षांपूर्वी गेला ते तुम्हाला माहीत आहे. डोंगरावरून पडला, एवढंच मी तुम्हाला सांगितलं होतं. तो दारात गेला. लोकांना घेऊन परत फिरला होता, धाकट्यापर्यंत आला होता, आणि कोणाचं तरी जॅकेट थोरल्यावर राहिलं होतं. "बसा, आलोच," म्हणाला. दोनशे वेळा तरी ते दार त्याने ओलांडलं असेल.

तो गेल्यावर वाटाड्यांनी त्याची पाळी मला दिली. घर चालावं म्हणून. ठरलं असं की मी लोकांना तळापर्यंत न्यायचं, पुढे माझा चुलतभाऊ इस्को नेईल. सगळे पाहुणे असंच जातात. तुम्ही तेवढ्या म्हणालात, "मला पानिंगच हवी. त्या इस्कोची बडबड ऐकत मेले तर देवालाही माझं काही ऐकू जाणार नाही." आणि मला, खरं सांगते, ते फार आवडलं. मास्तरीणबाईंना मीच हवी. मी इस्कोला म्हटलं, नेते मी. त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं.

मी थोरल्यावर कधीच गेलेले नाही, मानांग. तिबोय होता तेव्हा मी तळावर भात शिजवायचे. तो गेल्यावर दारापाशी आले की माझे पाय माझे राहत नाहीत.

तर चौथ्या वेळी आपण धुक्यामुळे फिरलो, हे खरं. पाचव्या वेळी धुकं नव्हतं. तुम्ही धाकट्याच्या अलीकडे, कड्याआड बसून मोजा बदलत होतात, तुमची पाठ होती. मी धाकट्यावर चढून गेले, दार बघितलं, लख्ख ऊन होतं, आणि परत येऊन तुम्हाला म्हटलं, "वारा फार आहे, मानांग, आज नको." तुम्ही मोजा ओढून घेतलात. माझ्या शब्दावर उठलात, दारापलीकडे वीस मिनिटांवर असलेला माथा सोडून उतरलात आणि नदीला पाचव्यांदा दगड दिलात. उलट वाटेत माझीच समजूत काढत होतात, "तू वाईट वाटून घेऊ नकोस गं."

म्हणून या वेळी मी 'हेच' म्हटलं. तुम्हाला सहाव्यांदा माझ्या भीतीपायी परत नेण्यापेक्षा ते मला दयाळूपणाचं वाटलं. तेव्हा वाटलं.

गुरुवारी मी इस्कोला सगळं सांगितलं. वाटलं होतं, चिडेल. तो म्हणाला, "मग? अर्धी दुनिया धाकट्यावर फोटो काढून गेलीय. थोरल्यावर जागा तरी आहे का सगळ्यांना?"

मी म्हटलं, "त्या अर्ध्या दुनियेला मानपत्र मिळत नाहीये, इस्को."

"घेऊ दे की म्हातारीला. कोण बघायला जातंय?"

"म्हातारी म्हणू नकोस."

"बरं, बाई. बाईंना घेऊ दे. तू इलोइलोला जा, चांगलं जेव, हात हलव, ये परत."

मग थोडा वेळ तो पायातली चप्पल दगडावर आपटत राहिला आणि म्हणाला, "पण हे तू मला विचारत नाहीयेस, स्वतःला विचारतेयस. चल. शुक्रवारी निघू. आधी तू जाऊन ये, मग काय लिहायचं ते लिही."

शुक्रवारी निघालो, तळावर मुक्काम केला, काल सकाळी धाकट्यावर होतो. आभाळ मोकळं. खाली समुद्र दोन्हीकडे दिसत होता, रोम्ब्लोनकडचा आणि तुमच्या पानाय बेटाकडचा. तुमचा दगड मी ओळखला, पांढरी रेघ असलेला. उचलला नाही. तो हलवायचा अधिकार माझा नाही.

इस्को दारातून पलीकडे गेला, दोर बांधला आणि परत येऊन माझ्या पुढे उभा राहिला. "खाली बघू नको असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला. "खाली बघ. तिबोय कुठे पडला ते तुला बघायचंच आहे. एकदा बघून घे आणि मग पायाकडे बघ."

मी बघितलं. खाली झाडं आहेत, मानांग. हिरवी, दाट, किडे खाणाऱ्या नेपेंथेसच्या वेलींचे कलश लटकलेले. चार वर्षं मी तिथे काय काय बघत होते, आणि तिथे झाडं आहेत.

तेहतीस पावलं होती. बसून, सरपटत गेले. मध्ये एकदा दोराला मिठी मारली तेव्हा इस्को म्हणाला, "ताई, दोराला नवरा समजू नकोस, मला ओढतेस." मी हसले आणि हसता हसता पलीकडे गेले.

थोरला समोर होता. सोपी वाट, गवत, थोडे खडक. वीस मिनिटं. इस्को म्हणाला, "चल."

मी गेले नाही.

याला मोठेपणा समजू नका. वाटाड्याने पाहुण्याच्या आधी माथ्यावर पाय ठेवायचा नाही, ही आमची रीत तुम्हाला माहीत आहे; तिबोय शेवटच्या पावलाला बाजूला सरायचा आणि हाताने वाट दाखवायचा. तीच रीत मी इस्कोला ऐकवली. तो म्हणाला, "पाहुणी इलोइलोला आहे, तू वेडी आहेस." कदाचित पुन्हा भीतीच असेल आणि मी तिला रीतीचा झगा चढवला असेल. मला खरंच कळत नाही. एवढंच कळतं की तुमची वीस मिनिटं मी पाचव्या वेळी तुमच्याकडून घेतली होती, आणि काल ती माझ्यासाठी वापरायचं मन झालं नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं. दोन शब्द बोलायचे म्हणालात. माझ्याकडे हेच शब्द आहेत. तुम्ही सांगाल तर मी येते आणि मंडळाच्या सगळ्या माणसांसमोर म्हणते की बाईंनी कोणाला फसवलेलं नाही, फसवलं ते मी. तुम्ही म्हणाल गप्प बस, तर मी शेजारी गप्प बसेन, आणि त्याबद्दल तुम्हाला कधी कमी लेखणार नाही. तुम्ही सहा वेळा चढला आहात, मानपत्र त्याचंही असू शकतं. आणि माझं तोंड बघायचं नसेल, तर तेही बरोबरच आहे. तसं लिहायचीही गरज नाही.

पावसाळा सरला, वाट सुकली की मार्च येतो. तुम्ही चौसष्टच्या व्हाल. सांगते ते नीट ऐका, कारण हे मी तुम्हाला पहिल्यांदाच सांगते आहे: लांब आहे. तळापासून तुमच्या पावलांनी सात तास, त्यातला अर्धा तास दार ओलांडायला, दारात कोणालाही भीती वाटते आणि तुमचा गुडघा उतरताना दुखणारच. इस्को बरोबर असेल आणि बडबडेल. मी पुढे असेन.

हे पत्र टपालात टाकत नाही. तुमच्या पानायवरच्या रोहासला जाणाऱ्या बोटीच्या इंजिनवाल्याकडे देते, तो तिथल्या बसवाल्याकडे देईल. पाकिटावर मी 'बाईंच्याच हातात' असं लिहिलंय.

आमच्या धक्क्यावरून २९ तारखेला सकाळी बोट सुटते. मी कपडे बांधून धक्क्यावर असेन. तुमचा निरोप आला तर चढेन, मग त्यात काहीही असो. नाही आला तर बोट जाईपर्यंत उभी राहीन आणि घरी जाईन.

तीन वेळा तुमच्यापुढे चाललेली, आणि अजून तुम्हाला कुठेच न पोचवलेली,

पानिंग